बॉटलब्रशच्या झाडाखालून आलेले औषध

लाल कुंच्यांसारखी लोंबती फुले येणारे बॉटलब्रशचे झाड आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मूळचे ते ऑस्ट्रेलियातले, पण शाळांची आवारे, दवाखाने, सरकारी बंगले, रेल्वे वसाहती अशा ठिकाणी ते आपल्याकडे इतके रुळले आहे की कोणाला परके वाटत नाही. या अंकात आम्ही या झाडापासून सुरू होणारी आणि तान्ह्या बाळांच्या एका जीवघेण्या आजारापर्यंत पोहोचणारी गोष्ट सांगणार आहोत. वाटेत थोडे रसायनशास्त्र लागेल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना ते जड वाटले तर त्यांनी घरातल्या मोठ्या भावंडांना विचारावे, पण तो भाग वगळू नये. सगळा गाभा तिथेच आहे.

आपण जे खातो त्याचे शरीरात एका झटक्यात काहीच होत नाही. पेशीत प्रत्येक पदार्थ टप्प्याटप्प्याने बदलत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजेच एन्झाइम, काम करत असते. विकर हे एक प्रथिन. त्याच्या अंगावर एक खाच असते. ठरावीक पदार्थ त्या खाचेत येऊन बसतो, बदलतो आणि बाहेर पडतो. लगेच दुसरा येतो. आता त्या पदार्थासारखाच दिसणारा एखादा तोतया खाचेत शिरला आणि निघेचना, तर काम थांबते. अशा पदार्थाला निरोधक म्हणतात. काही निरोधक खाचेत न बसता विकराला दुसरीकडेच चिकटतात आणि त्याचा आकार बिघडवतात. परिणाम तोच.

निरोधक म्हटले की बहुतेकांना विष आठवते, आणि ते खोटे नाही. सायनाइड हा एक निरोधकच आहे. पेशीला प्राणवायू वापरू देणाऱ्या विकराला तो अडवतो. पण आपल्या पेशी स्वतःही निरोधक बनवतात आणि रोज वापरतात. पोटभर जेवण झाल्यावर यकृतात साखरेपासून चरबी तयार होऊ लागते, तेव्हा मॅलोनिल-कोए नावाचा पदार्थ निर्माण होतो. तो चरबी जाळण्याच्या वाटेवरचे पहिलेच विकर अडवून धरतो. तसे झाले नाही तर पेशी एका हाताने चरबी करील आणि दुसऱ्या हाताने जाळील. म्हणजे निरोधक चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते दार बंद झाले, किती वेळ झाले आणि त्या दाराच्या मागे काय साचले, हे विचारायला हवे.

गावी शेती असलेल्या घरांत 'दारे धरणे' हा शब्द माहीत असेल. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे, इकडचे दार मोडायचे, तिकडचे लावायचे. शेवटचे दार बुजले आणि वरून पाणी येतच राहिले तर मधल्या वाफ्यांचे बांध फुटतात, पीक कुजते. अशा वेळी जाणता माणूस शेवटच्या दाराशी झटत बसत नाही. आधी वर जाऊन पाणी बंद करतो. ही साधी गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून पुढचे वाचावे.

आपला पाट आहे टायरोसीनचा. टायरोसीन हे एक अमिनो आम्ल. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांनी १८४६ मध्ये ते चीजमधल्या प्रथिनापासून वेगळे केले, आणि चीजच्या ग्रीक नावावरूनच त्याचे नाव पडले. दूध, डाळी, अंडी, मांस अशा प्रथिने असलेल्या सगळ्या अन्नातून ते मिळते. शिवाय फेनिलॲलनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून शरीर ते तयारही करते. कातडीचा रंग, थायरॉइडचे संप्रेरक, ॲड्रेनलिन या सगळ्यांना टायरोसीन लागते. उरलेले जाळून टाकण्याचे काम मुख्यतः यकृतात होते, आणि त्या वाटेवर पाच दारे आहेत, म्हणजे पाच विकरे. पाचही नावे पाठ करायला आम्ही सांगणार नाही. दुसरे, तिसरे आणि पाचवे एवढी तीन लक्षात ठेवली तरी पुरे.

तिसऱ्या दाराची गोष्ट सर्वांत जुनी. काही बाळांचे लंगोट वाळत घातल्यावर काळे पडतात. लघवीत होमोजेंटिसिक आम्ल जात असते आणि हवेशी संबंध आला की ते काळपट होते. या विकाराचे नाव अल्काप्टोन्युरिया. लंडनचे डॉक्टर आर्चिबॉल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये त्याच्यावर एक निबंध लिहिला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. हा विकार एकाच आईबापांच्या अनेक मुलांत आढळतो, आणि त्या आईबापांत चुलत-मावस नाते असण्याचे प्रमाण विलक्षण जास्त आहे. मेंडेलचे नियम तेव्हा नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. गॅरड यांनी दोन्हींचा मेळ घातला आणि असे मत मांडले की हा संसर्ग नव्हे, ही चयापचयातली जन्मजात चूक आहे. वाटेवरचे एक विकर या माणसांत कामच करत नाही. पुढे याच विचारातून चयापचयाच्या आनुवंशिक आजारांचे सगळे शास्त्र उभे राहिले. अल्काप्टोन्युरिया असलेली माणसे लहानपणी धडधाकट असतात. तिशी-चाळिशीत मात्र साचलेल्या पदार्थाने सांध्यांतल्या कूर्चा काळ्या आणि ठिसूळ होतात आणि पाठ, गुडघे, खुबे धरतात.

पाचवे दार बंद असते तेव्हा एवढी सवड मिळत नाही. त्या आजाराला टायरोसिनेमिया, प्रकार पहिला, असे म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण खरे नुकसान टायरोसीन करत नाही. पाचव्या दाराच्या अगदी मागे जो पदार्थ तुंबतो त्याचे नाव जिभेला पेलणारे नाही, म्हणून त्याला आपण 'एफएए' म्हणू. हा पदार्थ कमालीचा दाहक आहे. ज्या पेशीत तयार होतो तिथल्याच प्रथिनांना आणि डीएनएला तो चिकटतो. म्हणून मार बसतो तो यकृताला आणि मूत्रपिंडांना, कारण हा पाट त्याच पेशींतून वाहतो. पहिल्या काही महिन्यांतच बाळाचे वजन वाढेनासे होते, उलट्या-जुलाब होतात, पोट फुगते, कावीळ दिसते, कुठूनही रक्त येऊ लागते. मूत्रपिंडे फॉस्फेट धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे मुडदूस होतो. त्यातून वाचलेल्या मुलांना लहान वयातच यकृताचा कर्करोग होण्याची भीती असते.

डॉक्टरांना मात्र आणखी एक कोडे पडत असे. या मुलांना मधूनच पायांत आणि पोटात असह्य कळा येत, अंग धनुष्यासारखे ताठ होई, रक्तदाब चढे, हातापायांतली शक्ती जाई आणि कधी कधी श्वासाचे स्नायूही थकत. यकृत बिघडले म्हणून असे का व्हावे? ही लक्षणे तर शिशाच्या विषबाधेची किंवा पोर्फिरिया नावाच्या अगदी वेगळ्या आजाराची. त्या दोन्हींचा संबंध टायरोसीनशी नाही. तो आहे रक्तातले हीम बनवण्याच्या पाटाशी.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या बेंग्ट लिंडब्लाड, स्वेन लिंडस्टेट आणि स्टीन या तिघांनी १९७७ मध्ये हे कोडे सोडवले. त्यांना या मुलांच्या लघवीत सक्सिनिलॲसिटोन नावाचा पदार्थ सापडला. 'एफएए' तुंबल्यावर त्याचा काही भाग आडवाटेने जाऊन हा पदार्थ बनतो. निरोगी माणसात त्याची निर्मिती जवळजवळ होतच नाही. आणि तो एक जबरदस्त निरोधक आहे! हीम बनवण्याच्या वाटेवर दुसऱ्या टप्प्याला जे विकर असते, त्याच्या खाचेत अमिनोलेव्हुलिनिक आम्ल बसायचे असते. सक्सिनिलॲसिटोनची घडण त्याच्याशी इतकी जुळते की तोच तिथे जाऊन बसतो. शिसेही याच विकराला निकामी करते, फक्त वेगळ्या रीतीने. खाच अडली की अमिनोलेव्हुलिनिक आम्ल साचते, आणि त्याचा त्रास मज्जातंतूंना होतो. टायरोसीनच्या पाटाचे शेवटचे दार बंद पडले, बांध फुटला आणि ते पाणी शेजारच्या वेगळ्याच पाटात शिरून तिथले दार बुजवून बसले, असा हा प्रकार. त्याच निबंधात मूळ दोष पाचव्या दारात असावा हेही त्यांनी सुचवले.

आम्हांला या सगळ्या हकिकतीत हा भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. पुस्तकात निरोधक म्हणून जे पदार्थ दिलेले असतात ते बाहेरून आलेले असतात: कीटकनाशक, औषध, एखादी जड धातू. इथे आजारी पेशी आपल्याच हाताने निरोधक तयार करते. एका जनुकातली एक चूक आणि दोन पाट बंद. चयापचयाच्या इतर काही आजारांतही असे होते, म्हणूनच 'एक विकर गेले' एवढ्या माहितीवरून आजाराची सगळी लक्षणे ओळखता येत नाहीत.

हा आजार जगात साधारण एक लाख जन्मांमागे एका बाळाला होतो. पण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सागने-लाक-सेंट-जाँ नावाचा भाग आहे, तिथे हे प्रमाण १८४६ जन्मांमागे एक असे मोजले गेले. सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेल्या थोड्याशा कुटुंबांचे वंशज तिथे पसरले आणि त्यांच्याबरोबर ते सदोष जनुकही. तिथल्या साधारण वीस-बावीस माणसांत एक जण ते जनुक वाहतो. क्वेबेकने १९७० पासून प्रत्येक नवजात बाळाची तपासणी सुरू केली. आजार कळत असे, पण हातात काय होते? प्रथिने अगदी मोजून देणारा आहार आणि पुढे यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया. आहाराने पुरेसे भागत नसे, कारण पाणी फक्त वरूनच येत नाही. उपाशी राहिले किंवा ताप आला तरी शरीराची स्वतःची प्रथिने मोडतात आणि टायरोसीन पाटात उतरतेच. जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत लक्षणे दिसलेल्या बाळांपैकी, नुसत्या आहारावर ठेवलेली, सुमारे तीस टक्केच बाळे दोन वर्षांची होत.

पाणी वरच अडवले तर? दुसरे दार मुद्दाम बंद केले तर 'एफएए' बनणारच नाही आणि सक्सिनिलॲसिटोनही नाही. मागे टायरोसीन साचेल, पण टायरोसीन काही 'एफएए'सारखे पेशी जाळत नाही. लिंडस्टेट दुसऱ्या दाराच्या विकरावर अनेक वर्षे काम करत होते. कल्पना सरळ होती, ते दार बंद करणारा पदार्थ मात्र नव्हता.

आता आपल्या झाडाकडे. १९७७ मध्येच, म्हणजे स्वीडनचा तो निबंध निघाला त्याच वर्षी, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये स्टाफर केमिकल कंपनीच्या संशोधकांच्या लक्षात आले की बॉटलब्रशच्या झाडांखाली तण फारसे उगवत नाही. ही कंपनी तणनाशके बनवणारी, त्यामुळे त्यांनी त्या जागेतून लेप्टोस्पर्मोन नावाचे रसायन शोधून काढले. त्याने कोवळी रोपे पांढरी पडून मरत. पण तेवढ्याने काम भागेना. त्याचे प्रमाण फार लागे. म्हणून त्याच्या घडणीवरून प्रयोगशाळेत शेकडो नवी रसायने तयार करण्यात आली. ही रसायने वनस्पतीतले कोणते विकर अडवतात हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यांतल्या काही रसायनांची उंदरांवर चाचणी झाली, तेव्हा उंदरांच्या डोळ्यांची बुबुळे धूसर होऊ लागली आणि रक्तात टायरोसीन बेसुमार वाढलेले दिसले. एखाद्या तणनाशकाच्या दृष्टीने ही वाईट बातमी. पण इंग्लंडमधल्या ज्या विषशास्त्रज्ञांकडे हा तपास होता त्यांनी कारण शोधले: उंदराच्या यकृतातले टायरोसीनच्या वाटेवरचे दुसरे दार बंद झाले होते. पुढे कळले की वनस्पतीतही तेच विकर आहे. मात्र वनस्पती त्याचा उपयोग टायरोसीन जाळण्यासाठी करत नाहीत; त्यापासून प्लास्टोक्विनोन हा पदार्थ घडवतात. तो नसला की पानातले नारिंगी रंगद्रव्य बनत नाही, आणि त्याच्या आडोशाशिवाय हरितद्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून रोप पांढरे पडते. झाडाचे आणि आपले नाते किती जुने असेल ते यावरून कळते. बॉटलब्रशने शेजारच्या गवतासाठी बनवलेली किल्ली आपल्या यकृतातल्या कुलपालाही लागते.

विषशास्त्रज्ञांचे हे काम लिंडस्टेट यांच्या कानावर गेले आणि त्यांना हवा असलेला पदार्थ तयारच असल्याचे कळले. त्याचे नाव एनटीबीसी, आज औषध म्हणून नायटिसिनोन. तो दुसऱ्या विकराला इतका घट्ट धरतो की सहजी सुटत नाही, त्यामुळे अगदी थोडी मात्रा पुरते: किलोमागे दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम. यकृत बदलण्याशिवाय दुसरा मार्ग न उरलेल्या बाळाला तणनाशकाच्या घराण्यातले रसायन द्यायचे, हा निर्णय सोपा नव्हता. फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिल्या बाळाला ते देण्यात आले. १९९२ मध्ये पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. लघवीतले सक्सिनिलॲसिटोन खाली गेले, हीमच्या वाटेवरचे अडलेले विकर पुन्हा चालू लागले, यकृत सावरू लागले.

इथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. एक दार जन्मतःच बंद होते. डॉक्टरांनी ते उघडले नाही, आजही या औषधाने ते उघडत नाही. त्यांनी दुसरे, चांगले चालणारे दारही बंद केले, आणि मूल जगले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांत हेच जनुकांच्या पातळीवर दाखवले. पाचवे दार नसलेली उंदरांची पिल्ले जन्मताच मरतात. ज्यांच्यात पाचवे आणि दुसरे अशी दोन्ही दारे नव्हती ती पिल्ले मात्र नीट वाढली.

क्वेबेकमध्ये औषध १९९४ पासून मिळू लागले. तिथल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये आपला हिशेब मांडला. जन्मल्यापासून एका महिन्याच्या आत औषध सुरू झालेली २४ मुले होती. पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवूनही त्यांच्यापैकी एकाच्याही यकृतात बिघाड आढळला नाही, कोणाचेही यकृत बदलावे लागले नाही. पूर्वी वारंवार येणाऱ्या त्या कळा आणि अर्धांगासारखे झटके औषध घेणाऱ्या मुलांत थांबले. उशिरा औषध सुरू झालेल्या काही मुलांचे यकृत मात्र बदलावे लागले, कारण आधी झालेली जखम औषध पुसून टाकत नाही. आयुष्याची पहिली चार-सहा आठवडेच सगळे ठरवतात.

औषध फुकट पडत नाही, आणि हे आम्ही पैशांबद्दल म्हणत नाही. ते पुढे येईल. दुसरे दार बंद केल्यावर टायरोसीन वर तुंबतेच. ते फार वाढले तर डोळ्यांच्या बुबुळावर त्याचे बारीक स्फटिक बसतात. उंदरांना झाले तेच. डोळे दुखतात, उजेड सहन होत नाही. म्हणून औषध घेणाऱ्या मुलांना जन्मभर टायरोसीन आणि फेनिलॲलनिन कमी असलेला आहार घ्यावा लागतो. आपल्या घरात याचा अर्थ काय, ते बघा. दूध, दही, पनीर, डाळ, उसळ, अंडे, मासे, शेंगदाण्याचे कूट यांतले काही बंद, काही चमच्याने मोजून. बाळसे धरायला लागणारी प्रथिने एका खास पावडरीतून द्यायची, जिच्यात ही दोन अमिनो आम्ले नसतात. सणावाराला पंगतीत बसलेल्या मुलाला पुरणपोळी नाही म्हणताना त्या आईवर काय गुजरत असेल! शिवाय या मुलांपैकी काहींना शाळेत लक्ष टिकवणे, शिकणे जड जाते असेही दिसले आहे. ते वाढलेल्या टायरोसीनमुळे, की फेनिलॲलनिन फार कमी झाल्यामुळे, की आजारानेच, यावर अजून अभ्यास चालू आहे.

एक धोक्याची सूचना. हे वाचून कोणी बॉटलब्रशची पाने उकळून कोणाला पाजू नयेत. नायटिसिनोन झाडात नसते, ते कारखान्यात बनते. आणि निरोगी माणसाचे दुसरे दार बंद करण्यात काहीही फायदा नाही.

वरचे दार बंद करण्याची युक्ती प्रत्येक आजारात चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. फेनिलकिटोन्युरिया या आजारात फेनिलॲलनिनच साचते आणि तेच मेंदूला मारक ठरते. ते तर थेट अन्नातून येते. त्याच्या वर बंद करायला विकराचे दारच नाही, म्हणून तिथे आहारावरच मुख्य भिस्त. ही युक्ती जमण्यासाठी दोन गोष्टी लागतात: वर एखादे दार हवे, आणि त्याच्यामागे जे साचेल ते सोसण्याजोगे हवे. टायरोसिनेमियात दोन्ही जुळले. निरोगी विकराला मुद्दाम आवरण्याचे तत्त्व मात्र आपल्या घरातही आहे. आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन असेल, तर ती यकृताच्या पेशीतले कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचे एक विकर आवरते. तिचा मूळ पदार्थ जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडला. गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल असेल, तर ती युरिक आम्ल बनवणारे विकर अडवते. ती ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल मिळाले.

नायटिसिनोनला अमेरिकेत २००२ मध्ये आणि युरोपात २००५ मध्ये मान्यता मिळाली. गॅरडच्या अल्काप्टोन्युरियालाही ते उपयोगी पडते, कारण तिसऱ्या दारामागे जे साचते तेही दुसऱ्या दारातूनच येते. युरोपातल्या मोठ्या चाचणीनंतर २०२० मध्ये तिथे प्रौढ रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली. रोज १० मिलिग्रॅम घेतल्यावर लघवीतले होमोजेंटिसिक आम्ल ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. गॅरडच्या निबंधापासून औषधापर्यंत ११८ वर्षे लागली.

आता पैशांचे. भारतात अनेक वर्षे हे औषध बाहेरून मागवावे लागे आणि एका मुलाचा वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी २० लाख रुपयांच्या घरात जाई. असा आकडा ऐकल्यावर आईबाप पुढचे विचारतही नसतील. २०२१ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्यात टायरोसिनेमिया प्रकार पहिला याचा समावेश केला. निवडक रुग्णालयांना केंद्र म्हणून मान्यता दिली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांतले एक, हैदराबादला सीडीएफडी आणि निझाम्स इन्स्टिट्यूट मिळून एक. मे २०२२ मध्ये या केंद्रांतून होणाऱ्या उपचारासाठी एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा ठरली. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने सांगितले की नायटिसिनोन आता भारतीय कंपन्याही बनवतात आणि तोच वर्षाचा खर्च सुमारे अडीच लाखांवर आला आहे. अडीच लाखही मध्यमवर्गीय घराला कमी नाहीत, पण कोटी आणि लाख यांतला फरक एखाद्या घराला घर विकावे लागणे आणि न लागणे एवढा आहे.

पालकांसाठी दोन गोष्टी. पहिली आनुवंशिकतेची. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही सदोष जनुके मिळाली तरच हा आजार होतो. एकच मिळालेला माणूस ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब चूक आहे. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या अनेक घरांत पूर्वापार आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांत सोयरीक ओळखीच्या चार घरांतच जमवण्याकडे कल असतो, तो समजण्यासारखाही आहे. पण सख्ख्या आते-मामे भावंडांची साधारण एक अष्टमांश जनुके सारखी असतात, म्हणून एकच दुर्मीळ चूक दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. गॅरड यांना १९०२ मध्ये दिसले ते हेच. कुटुंबात पूर्वी एखादे तान्हे बाळ यकृताच्या न कळलेल्या आजाराने गेले असेल, तर पुढच्या बाळाच्या आधी आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. अशा बाळांची नावे घरात घेत नाहीत आणि ती माहिती आजीबरोबरच जाते, असे आम्ही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट तपासणीची. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब खास कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात नुसते टायरोसीन मोजून भागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या निरोगी बाळातही ते काही दिवस वाढलेले असते, आणि या आजाराच्या बाळात पहिल्या दिवसांत कधी कधी वाढलेलेच नसते. म्हणून प्रयोगशाळेला सक्सिनिलॲसिटोन मोजायला सांगावे लागते. नवजात बाळाची तपासणी करून घेताना यादीत हे नाव आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. आणि दोन-तीन आठवड्यांच्या बाळाची कावीळ ओसरत नसेल, नाळेच्या जागी किंवा टोचलेल्या जागी रक्त थांबत नसेल, तर यादीत असो वा नसो, बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.